उरलेले एकतीस टक्के

ठकीला कडेवर घेऊन ती कापडाच्या ढिगाऱ्याआड नव्या ताग्यावर खडूने बाण काढत होती, तेवढ्यात काचेच्या केबिनमधून टाळ्या ऐकू आल्या. केबिनमध्ये दोनच माणसं होती. एक तिचा नवरा, म्हणजे पडदे शिवायच्या या कारखान्याचा मालक, आणि दुसरा त्याचा मावसभाऊ. या मावसभावाने नुकताच व्यवस्थापनाचा कसलासा कोर्स केला होता आणि तेव्हापासून त्याला टक्केवारीशिवाय बोलताच येत नव्हतं. तोंडावर त्याला सगळे साहेब म्हणत, पाठीमागे टक्केसाहेब.

"मशीनं थांबवा आणि या सगळे!" मालकाने दार उघडून हाक मारली.

सगळे म्हणजे तीन माणसं. कापड कापणारे कटिंग मास्तर, आणि शिवायला बसणाऱ्या दोघी बहिणी, थोरली नि धाकटी. केबिन तेवढ्यांनीच भरली, म्हणून ती खडू कानामागे खोचून दारातच उभी राहिली.

टक्केसाहेबांनी भिंतीवर मोठा कागद चिकटवला होता. घसा साफ करून ते म्हणाले, "माणशी किती पडदे झाले हे मोजणं आता जुनं झालं. आपण बहुघटक उत्पादकता मोजली आहे. पडदा कशातून तयार होतो? माणसांचे तास, मशीन आणि जागा, कापड-दोरा, आणि वीज. चार घटक. गेल्या वर्षभरात हे चारही मिळून वाढले चार टक्के. आणि पडदे किती वाढले असतील?"

"किती?" मास्तरांनी भिडेखातर विचारलं.

"पस्तीस टक्के! पस्तिसातून चार गेले, उरले एकतीस. हे एकतीस टक्के माणसांच्या तासांतून आले नाहीत, मशीनमधून नाहीत, कापडातून नाहीत, विजेतून नाहीत. मग आले कुठून?"

ठकीने आईच्या कानामागचा खडू काढून तोंडात घातला.

"जे कुठल्याच घटकाने समजत नाही ते व्यवस्थापनाचं कौशल्य," टक्केसाहेबांनी निकाल दिला. "म्हणजे आपल्या दादाचं डोकं. एकतीस टक्के!"

दादाने मान खाली घातली. हे त्याला बरेच दिवस माहीत होतं, पण स्वतःच्या तोंडाने कसं सांगायचं म्हणून तो गप्प होता, अशा बेताने. मग टक्केसाहेबांनी एक चौकट बाहेर काढली. सोनेरी काठ, आत सुबक अक्षरांत 'व्यवस्थापन कौशल्य ३१ टक्के'. खिळा आधीच ठोकलेला होता.

तिने ठकीच्या तोंडातून खडू ओढून काढला, जरा जोरातच. ठकीने भोकाड पसरलं आणि सत्कार संपला.

वर्षभरापूर्वी कारखान्यात नेमकं काय बदललं होतं, हे खरं तर कागदावर मांडायची गरज नव्हती. वर्षभरापूर्वी ठकी रांगायला लागली होती. हे लोक कारखान्याच्या वरच्या मजल्यावर राहत. तिथे स्वयंपाकघरातून खोलीत जायचं तर गॅलरीतूनच जावं लागे आणि गॅलरीच्या कठड्याच्या गजांमध्ये पावणेसहा इंचांचं अंतर होतं. ठकीचं डोकं आडवं सव्वापाच इंच. दोन्ही तिने स्वतः टेपने मोजलं होतं, एकदा दिवसा आणि एकदा विश्वास बसेना म्हणून संध्याकाळी. "कठड्याला जाळी बसवा," असं ती तेव्हापासून सांगत होती आणि "बघू" असं नवरा तेव्हापासून म्हणत होता. सासूबाईंचे गुडघे धरलेले. त्या पोरीला हाक मारू शकत, तिच्यामागे धावू शकत नसत. शेवटी तिने पाळणा खाली कारखान्यात आणला, एका कोपऱ्यात फळ्यांचं कुंपण केलं आणि दिवसभर तिथे राहू लागली. आणि ज्या बाईला नुसतं बसता येत नाही ती कापडाच्या ढिगाऱ्याशेजारी दिवसभर बसली की काय होतं, ते एकतीस टक्क्यांत आलं होतं. फक्त नाव दुसऱ्याचं होतं.

"आणि मी?" तिने विचारलं. ठकी खांद्यावर हुंदके देत होती.

"तू काय?"

"मी यातल्या कुठल्या रकान्यात आहे?"

टक्केसाहेबांनी कागद मागेपुढे पाहिला. "वहिनी, तुम्ही घरातल्या आहात."

"घरातल्या म्हणजे काय? कापड की वीज?"

धाकटी फिस्सकन हसली. थोरलीने तिला कोपर मारलं.

"अगं, तू पोरीला घेऊन बसायला येतेस," नवरा समजुतीच्या सुरात म्हणाला. हा सूर तो कापड परत करायला आलेल्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवत असे. "जाता येता हात लावतेस, मदत करतेस, नाही कोण म्हणतंय? पण मदत कुणी मोजतं का?"

ती काही बोलणार, तोच टक्केसाहेबांनी दुसरा कागद उलगडला. कागदावर कारखान्याचा नकाशा होता. एक कोपरा लाल पेन्सिलीने रंगवलेला.

"ही चोवीस चौरस फूट जागा," टक्केसाहेब म्हणाले. "वर्षभरात इथून एकही पडदा निघालेला नाही. एक पाळणा, चार फळ्या, एक लोकरीचा हत्ती. याला आम्ही निष्क्रिय भांडवल म्हणतो. नियम सोपा आहे. जी जागा उत्पादन देत नाही, ती रिकामी करून तिथे मशीन बसवायचं."

"पडद्यांना रिंगा ठोकायचं नवं मशीन येतंय," नवऱ्याने घाईघाईने सांगून टाकलं. "सोमवारी."

तिने कोपऱ्याकडे पाहिलं. पाळण्याच्या दांडीवर पिवळी चिठ्ठी केव्हाच चिकटली होती. 'निष्क्रिय'.

"आणि ठकी कुठे राहील?"

"वर. घरात. मुलं घरातच राहतात ना?"

"कठड्याला जाळी?"

"बघू की."

त्या दिवशी तिने जेवायला वाढलं ते ताटं आदळूनच. "काय झालं?" नवऱ्याने विचारलं, तेव्हा ती "काही नाही" म्हणाली. हे 'काही नाही' ऐकून शहाणा माणूस चमचा खाली ठेवून उठला असता. त्याने आणखी भात मागितला.

सोमवारी पाळणा वर गेला आणि रिंगांचं मशीन खाली आलं.

याच सोमवारी मोठं काम हातात पडलं. एका नव्या अतिथिगृहाला बत्तीस खिडक्या होत्या आणि प्रत्येक खिडकीला दोन पडदे, म्हणजे चौसष्ट. मुदत पंधरा दिवसांची. कापड सुरेख होतं. फिक्या निळ्यावर फांद्या आणि फांद्यांवर बसलेले पांढरे पक्षी.

"कसं एकदम मोकळं मोकळं वाटतंय खाली," पहिल्या दिवशी जेवताना नवरा म्हणाला.

सकाळपासून ती गॅलरीच्या दारात पाट आडवा लावून त्यावर बसली होती. ठकी पाटावर चढायला शिकत होती. उठावं तर पोर गॅलरीत, बसावं तर दूध उतू. आणि त्यात ठकी झोपेना. खाली ती रोज एक वाजता पाळण्यात पडे ती तीनला उठे, आणि तेही मशीनच्या घरघरीत. वरच्या शांततेत तिला झोप कशी ती येईना. एक वाजला की ती रडायला लागे आणि तीन वाजता थकून थांबे. त्या रडण्याच्या वर, फरशीखालून, हसण्याचे आवाज येत. खाली एक ते तीन रेडिओ लागला होता. नवरा फोनवर बोलत कारखानाभर फिरत होता. पूर्वी याच वेळी त्याने मोठ्याने 'हॅलो' म्हटलं तरी तिघं त्याच्याकडे अशी बघत की तो फोन घेऊन रस्त्यावर जाई. रिंगांचं मशीन ठाक्‌ करी, मग बराच वेळ काही नाही, मग ठाक्‌. शिवणयंत्रांची घरघर मात्र मधूनमधूनच. ती फरशीला कान न लावताही सगळं ऐकत होती. दोन्ही मशीनं बंद. धाकटी सिनेमाची गोष्ट सांगतेय. आता थोरली सांगतेय. आता मास्तरही.

"झोपली का गं ती?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"नाही आई. खालचे झोपलेत."

गुरुवारी टक्केसाहेब वही घेऊन आले. चार दिवसांत अठरा पडदे तयार झाले होते. पूर्वी एवढ्या वेळात पंचवीस-तीस होत. तरी त्यांनी ते ओळीने टांगून मोजले, समाधानाने मान हलवली आणि मग मान हलवायची एकदम थांबवली.

"मास्तर, हे पक्षी असे का बसलेत?"

मास्तर चष्मा पुसून जवळ गेले. डाव्या पडद्यावरचे पक्षी फांदीवर बसले होते. उजव्या पडद्यावरचे फांदीला उलटे लोंबकळत होते. दुसऱ्या जोडीत दोन्हीकडचे लोंबकळत होते. अठरापैकी अकरा पडद्यांवर वटवाघळांची वस्ती झाली होती.

"अरे देवा," मास्तर म्हणाले.

"संख्या अठराच लिहू ना?" टक्केसाहेबांनी विचारलं.

"साहेब, पक्षी उलटे आहेत!"

"पक्षी माझ्या कोष्टकात नाहीत."

मालक केबिनमधून धावत आला आणि त्याने जे काय तोंड सोडलं ते वरच्या मजल्यावर पाटावर बसलेल्या तिलाही शब्दन्‌शब्द ऐकू गेलं. मास्तर आंधळे होते, थोरली बेफिकीर होती, धाकटीचं लक्ष कुठे असतं ते त्याला चांगलं माहीत होतं. मग धाकटी रडायला लागली, म्हणून थोरलीने मशीन बंद केलं आणि ती तिला घेऊन बाहेर जाऊन बसली. तो दिवसही गेला.

टक्केसाहेबांनी रात्रभर आकडेमोड केली म्हणे. घटक वाढले सहा टक्के, कारण नवं मशीन. उत्पादन घटलं चाळीस टक्के. उरलेलं काही नव्हतंच, उलट एक भलामोठा खड्डा होता. विजेचा दाब कमी पडतो का, म्हणून त्यांनी तो मोजला. दोरा बदलला. शुक्रवारी मनोबल वाढवायला सगळ्यांची सभा घेतली. सभा दीड तास चालली आणि त्या दीड तासात एकाही पडद्याला टाका पडला नाही, त्यामुळे आकडा आणखी खाली गेला. सभेत त्यांनी "तुम्हाला काय अडचण आहे, मोकळेपणाने सांगा" म्हटलं. "सभा," थोरली म्हणाली.

शनिवारी दुपारी मास्तर जिना चढून वर आले. ते कधी वर येत नसत. दारात आडवा पाट, पाटावर ती, तिच्या मांडीवर सुजलेल्या डोळ्यांची ठकी. मास्तरांच्या हातात नव्या ताग्याचं टोक होतं.

"वहिनी, जरा विचारायचं होतं. कंपनीवाल्यांचा फोन नंबर तुमच्याकडे आहे का?"

"कुठल्या कंपनीवाल्यांचा?"

"या कापडाच्या. हल्ली ते बाण छापत नाहीत हो."

"कसला बाण?"

"पूर्वी कापडाच्या मागच्या बाजूला पांढरा बाण असायचा बघा. हात-दीड हातावर एक. बाण वर म्हणजे नक्षी सुलटी. आम्ही डोळे मिटून कापायचो. आता सोमवारपासून जे तागे उघडतोय त्यांवर बाणच नाही. शेठ मला आंधळा म्हणाले. म्हटलं तुम्हीच कंपनीला विचारा, तुमचं बोलणं चांगलं असतं."

तीस वर्षं कापड कापणारा हा सज्जन माणूस वर्षभर रोज हातात पांढरा भुगा घेऊन घरी जात होता आणि तो कंपनीतून येतो असं समजत होता. राग इतका वर आला की तो मास्तरांना पुरून उरला असता, पण मास्तरांचा चेहरा बघून तिने तो अर्धा गिळला.

"मास्तर, तो बाण मी काढत होते."

"तुम्ही?"

"रोज सकाळी सातला. तुम्ही नऊला यायचात. ठकी कडेवर आणि खडू हातात. सगळे तागे उलगडून, नक्षी बघून, डाग-भोकं बघून, मागून बाण काढून परत गुंडाळून ठेवायचे."

मास्तरांनी हातातलं कापड उलटं केलं, सुलटं केलं, मग परत उलटं केलं. "आणि गिऱ्हाइकांना फोन करून माप पडताळायचं ते?"

"मी."

"रिंगा?"

"हाताने. मीच."

"माझी कात्री सोमवारी धारदार असायची ती?"

"तुम्हाला काय वाटलं, कात्री रविवारी विश्रांती घेऊन ताजी होते?"

मास्तर पाटावर, तिच्या शेजारी, टेकले. ठकीने त्यांचा चष्मा ओढला. तो त्यांनी तिला देऊन टाकला.

पंधरा मिनिटांनी नवरा वर आला. तो जिन्यात दोनदा थांबल्याचं तिला ऐकू आलं होतं. "अगं," तो म्हणाला, "जरा खाली येतेस का? पाचच मिनिटं. नुसते बाण काढून जा."

"नाही."

"म्हणजे? चौसष्ट पडदे नऊ दिवसांत द्यायचेत!"

"तुमच्याकडे एकतीस टक्के डोकं आहे ना? त्याने काढा बाण."

"तू चिडलीयस."

"हो! सोमवारपासून चिडलीय. तुमच्या आत्ता लक्षात आलं?" ती उठली, आणि तिचा आवाजही उठला. "वर्षभर मी खाली मरमर मरते ती मदत. तुम्ही काचेत बसून फोनवर हसता ते कौशल्य. माझ्या पोरीच्या पाळण्यावर चिठ्ठी लावली तुमच्या भावाने! निष्क्रिय! आणि या कठड्याला जाळी लावा म्हणून वर्षभर ओरडतेय, तर बघू. टेप आणा आणि स्वतः मोजा, पावणेसहा इंच आहे! तिचं डोकं जातं त्यातून, अहो, जातं!"

खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "ती खरं बोलतेय. मी तीनदा हाक मारलीय या आठवड्यात, काळजाचं पाणी झालं माझ्या."

नवरा कठड्यापाशी गेला. त्याने गजांमधून मूठ घातली. मग कोपर. मग तो बराच वेळ खाली रस्त्याकडे बघत राहिला आणि वळला तेव्हा त्याचा गिऱ्हाइकी सूर गळून पडला होता. "काय करू सांग."

"एक, जाळी. आजच. दोन, पाळणा खाली, त्याच कोपऱ्यात. तीन, टक्केसाहेबांना म्हणावं मला मोजा. घड्याळ घेऊन. मी काय करते आणि किती वेळ करते, ते सगळं कोष्टकात आलं पाहिजे. मग येते."

संध्याकाळपर्यंत जाळी बसली. वर्षभर जिच्यासाठी वेळ नव्हता ती दोन तासांत बसली, हे बघून ती शांत व्हायची ती आणखीच भडकली. तिने जाळीचं प्रत्येक टोक ओढून पाहिलं.

रिंगांचं मशीन दाराजवळ ढकलून पाळणा जागेवर आला. पुढचे तीन दिवस टक्केसाहेब घड्याळ आणि वही घेऊन तिच्या मागे फिरत होते. सकाळी सातला त्यांना यावं लागलं, हा त्यांच्या आयुष्यातला नवा अनुभव होता. ती ताग्यापासून कात्रीकडे, कात्रीपासून फोनकडे, फोनपासून रिंगांकडे, आणि मधूनच पाळण्याकडे. ते तिच्यामागे लिहीत लिहीत पळत. एकदा त्यांचा पाय हत्तीवर पडला.

"वहिनी, जरा हळू. एका वेळी एकच काम करा ना, मला रकाना पाडता येत नाही."

"मलाही पाडता येत नाही, भाऊजी."

पहिल्याच दुपारी एक वाजता त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. ठकी पाळण्यात झोपली आणि कारखान्याचं बोलणं थांबलं. रेडिओ बंद झाला. थोरलीचं मशीन चालू, धाकटीचं चालू. थोरलीचा दोरा संपत आला तसा तिने भुवई उडवली, धाकटीने मान हलवून आपलं मशीन जोरात दामटलं, आणि तेवढ्यात थोरलीने दोरा ओवला. मास्तर चवड्यांवर चालत दोघींच्या हाताशी कापलेले तुकडे ठेवत होते, मशीन रिकामं पडू नये म्हणून.

"हे काय चाललंय?" टक्केसाहेब कुजबुजले.

"एक मशीन थांबलं की ठकी हलते," मास्तर त्यांच्या कानाशी पुटपुटले. "दोन्ही थांबली की उठून बसते. आणि ती अर्धवट उठली ना, साहेब, तर संध्याकाळपर्यंत इथे कुणाचं काही चालत नाही."

"म्हणजे तुम्ही दोन तास सलग थांबतच नाही?"

"छाती आहे का कुणाची?"

चौथ्या दिवशी केबिनमध्ये परत सगळे जमले. या वेळी ती आत होती आणि टक्केसाहेब जरा दाराकडे सरकून उभे होते. त्यांच्याविषयी एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. हा माणूस आकड्यांपुढे भाऊ, दादा, कुणाला ओळखत नसे.

"दुरुस्ती आहे," ते म्हणाले. "मागच्या वेळी एक घटक मोजायचा राहिला होता. तीन माणसांचे मिळून रोज चोवीस तास होतात. वहिनींचे रोज आठ तास, जे धरलेच नव्हते. माझ्या कोष्टकात श्रमाचं वजन निम्मं आहे, त्या हिशेबाने उत्पादनात त्यांचा वाटा सोळा टक्के."

"सोळा!" धाकटीने टाळी वाजवली.

"मग एक ते तीन. मागच्या आठवड्यात या वेळी मशीनं निम्म्याहून जास्त वेळ बंद होती. पाळणा असताना एकदाही बंद नाहीत. हा वाटा सतरा टक्के."

"हा कुणाच्या नावावर?" मालकाने आशेने विचारलं.

"ठकीच्या. सोळा आणि सतरा, तेहेतीस. उरलेलं होतं एकतीस. एकतिसातून तेहेतीस गेले." त्यांनी चष्मा सारखा केला. "दादा, व्यवस्थापनाचं कौशल्य वजा दोन टक्के येतंय."

सगळे काळजीपूर्वक चौकटीकडे बघायचं टाळत होते, त्यामुळे सगळ्यांना ती आणखीच दिसत होती.

"वजा म्हणजे?" मालकाचा आवाज बारीक झाला.

"म्हणजे तू फोनवर बोलत फिरतोस तेव्हा दोघी थांबून ऐकतात. ते धरलं मी." टक्केसाहेबांनी नकाशा उलगडला. त्यांच्या हातात लाल पेन्सिल होती. "आता रिंगांचं मशीन दारात अडचण करतंय, त्याला जागा हवी. आणि ही केबिन पन्नास चौरस फूट आहे. नियम सोपा आहे, दादा. जी जागा उत्पादन देत नाही..."

"अरे पण मी मालक आहे!"

"भांडवल कुणाचं आहे हे सूत्र विचारत नाही."

मालकाने बायकोकडे पाहिलं. ती आता मध्ये पडेल अशी त्याची खात्री होती. बारा वेळा ती अशी मध्ये पडली होती. तिने खिशातून ती पिवळी चिठ्ठी काढली, पाळण्यावरून सोडवून इतके दिवस जपून ठेवलेली, आणि केबिनच्या काचेवर चिकटवली. डिंक सुकला होता. चिठ्ठी पडली. मास्तरांनी खाली वाकून ती उचलली आणि जवळची चिकटपट्टी दिली.

चौसष्ट पडदे मुदतीच्या एक दिवस आधी गेले. सगळे पक्षी फांदीवर बसलेले. अकरा उलटे पडदे उसवून त्यांच्या उशांच्या खोळी झाल्या. उशीवरचा पक्षी कुठूनही बघितला तरी चालतो. केबिनची काच निघाली आणि तिथे रिंगांचं मशीन ठाक्‌ ठाक्‌ करू लागलं. मालकाला बसायला जागा उरली नाही म्हणून तो कोपऱ्यात, पाळण्याशेजारच्या स्टुलावर बसू लागला. तिथे फोनवर बोलायची सोय नव्हती. मग एक ते तीन पाळण्याची दोरी त्याच्याच हातात आली.

हे दृश्य बघून कारखाना विरघळला. "शेठ किती हो प्रेमाने झोका देतात," थोरली म्हणाली. कापड घेऊन आलेला दुकानदार म्हणाला, "असा बाप हवा." सासूबाई मुद्दाम गुडघे धरत खाली उतरल्या आणि डोळे पुसून वर गेल्या. तिला वर्षभरात कुणी 'अशी आई हवी' असं म्हणाल्याचं आठवत नव्हतं. तिने एका ताग्यावर इतका जोरात बाण काढला की खडू मोडला.

महिनाअखेरीला टक्केसाहेबांनी नवं कोष्टक भिंतीवर लावलं. मास्तर आणि थोरली चहाला बाहेर गेल्यावर ती ते वाचायला उभी राहिली. कटिंग मास्तर, आठ तास. थोरली, आठ तास. धाकटी, आठ तास. वहिनी, आठ तास. आणि त्याखाली, नीट आखलेल्या नव्या ओळीत: मालक, बालसंगोपन, दोन तास.

तिचे तास त्या भिंतीवर यायला वर्षाहून जास्त काळ, अकरा उलटे पडदे आणि एक आरडाओरडा लागला होता. त्याचे न मागता पहिल्याच महिन्यात आले होते.

तिने कोपऱ्याकडे पाहिलं. घड्याळात पावणेतीन झाले होते. धाकटी एकटी मशीन चालवत होती, कोपऱ्यातली झोप मोडू नये म्हणून. ठकी पाळण्यात उठून बसली होती, कधीच, आणि आपल्या बापाकडे टक लावून बघत होती. बाप भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून, गाढ झोपला होता. दोरी त्याच्या हातातून सुटून जमिनीवर पडली होती. धाकटीने तिच्याकडे बघून पाच बोटं दाखवली, मग पाच, मग परत पाच, अशी आठ वेळा. चाळीस मिनिटं.

तिने कानामागची पेन्सिल काढली, 'दोन तास' खोडले आणि शेजारी लिहिलं, 'एक तास वीस मिनिटं'. मग धाकटीला हाताने खूण केली. मशीन थांबव.